घरच्या घरी विज्ञान आणि निसर्ग: किट न आणता मुलांसोबत नेमकं काय करता येईल?

शाहूपुरी_सातारा:

मुलगी चौथीत, मुलगा यंदा सहावीत. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी आठ फूट बाय चार फूट, पूर्वेकडे तोंड. गॅलरीत कढीपत्ता, लिंबाचं रोप, तुळस आणि गोकर्णाचा वेल आहे. सोसायटीची गच्ची वापरायला हरकत नाही.

तयार विज्ञान किट दोनदा आणले. पुस्तिकेप्रमाणे जोडलं, दिवा लागला, खेळ संपला. व्हिडिओ बघून केलेल्या प्रयोगांचंही तेच. फेस आला, टाळ्या झाल्या, पुढे काही नाही.

विचारायचंय ते असं. आठवडे-महिने चालेल असं घरात काय करता येईल, तेही दीड हजाराच्या आत? मुलांनी विचारलेलं मला येत नसेल तर काय करायचं? आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेसाठी मुलाला क्लास लावावा का? ढोबळ सल्ला नको. काय, किती, कसं, आणि कुठे फसतं ते सांगा.

—

पानोपानी, कराड:

ताई, कढीपत्ता आणि लिंबू घरात आहे म्हणजे खर्चाचा प्रश्न जवळपास मिटलाच. या दोन्ही झाडांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं अंडी घालतात, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ती सहज येतात. जून ते नोव्हेंबर हा हुकमी काळ. मुलीला रोज सकाळी कोवळे शेंडे आणि पानांच्या दोन्ही बाजू बघायला सांगा. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, गोल, फिकट पिवळं, आणि एकेकटं असतं. पुंजका दिसला तर ती दुसऱ्या किड्याची अंडी.

तीन ते पाच दिवसांत अळी निघते. ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. बहुतेक घरांत ती इथेच घाण समजून पुसली जाते. चार वेळा कात टाकली की हिरवीगार होते आणि चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लालसर दुबेळकं बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. हे एकदाच बघायचं, रोज डिवचायचं नाही. त्यात अळीची ताकद जाते.

पाळायची पद्धत. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या, उंची किमान २० सेंटिमीटर. झाकणाला भोकं पाडू नका, छोटी अळी त्यातून निसटते. त्याऐवजी तोंडाला जुन्या ओढणीचं कापड रबरबँडने बांधा. तळाला वर्तमानपत्र. डहाळी औषधाच्या छोट्या बाटलीत पाण्यात उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. हा कापूस विसरला की अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते, आणि विसरतात सगळेच. बरणीत एक खरखरीत काठी तिरकी ठेवा, कोष करायला तिला आधार लागतो. एका बरणीत दोनच अळ्या. हलवायची असेल तर पानासकट, नाहीतर चित्रकलेच्या मऊ ब्रशने. हात लावायचा नाही.

कुठे फसतं ते नीट वाचा. पहिलं, विष्ठा रोज काढली नाही तर बरणीत दमटपणा साठतो, बुरशी येते, अळी मऊ पडून काळी होते. दुसरं, बरणी उन्हात ठेवली जाते. तुमची गॅलरी पूर्वेची, सकाळचं ऊन थेट आत येणार. काचेच्या बरणीत तासाभरात अळी भाजते. घरात, उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवा. तिसरं, अळी दिवसभर हलत नाही म्हणून मुलं तिला सोलून काढतात. ती कात टाकायच्या बेतात असते, पायांनी रेशमाला घट्ट धरून बसलेली असते. ओढलं तर मरते. चौथं, कोष होण्याआधी तिला पातळ शी होते आणि ती सैरावैरा फिरते. घरचे घाबरतात, पण ते आजारपण नाही. पोट रिकामं करून जागा शोधणं चाललेलं असतं. त्यानंतर ती कमरेभोवती रेशमाचा धागा टाकून अडकून बसते, आणि साधारण एका दिवसात कोष तयार.

कोष पावसाळ्यात आठ ते बारा दिवस, थंडीत जास्त. हिरव्या जागी बहुधा हिरवा, काठीवर बहुधा तपकिरी. शेवटच्या दिवशी तो गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागते. त्या दिवशी गजर लावा, कारण फुलपाखरू बहुतेक वेळा सकाळी लवकर बाहेर येतं. बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. खाली लोंबकळून ते पसरायला आणि वाळायला तास-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात लालसर-तपकिरी थेंब पडतो. ते रक्त नाही, कोषात साठलेला मळ आहे. हे मुलीला आधी सांगून ठेवा.

कधी कधी कोषाला बारीक छिद्र पडतं आणि त्यातून इवल्याशा गांधीलमाश्या बाहेर येतात. ही मुलांची चूक नाही. अळी किंवा कोष यांच्या आत अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या असतात. ही नोंदही फुलपाखराएवढीच मोलाची.

आता मुलासाठी मोजमापाचं काम. पान अळीला देण्याआधी एक सेंटिमीटर चौकटीच्या आलेखकागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच आकृतीवर ठेवून पुन्हा रेघ. मधले चौकोन मोजायचे, अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी असेल तर सोडायचा. रोज खाल्लेलं क्षेत्रफळ मिळतं. शेवटच्या हिरव्या अवस्थेत हा आकडा एकदम उसळतो, आयुष्यभरातलं बहुतेक खाणं तिथेच होतं. हा आलेख त्याने स्वतः काढला की ‘अळी शेतात शेवटच्या आठवड्यातच का नुकसान करते’ याचं उत्तर त्याच्याच हातात असेल.

तुम्हाला उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, तेही याच बरणीवर दाखवतो. मुलगी विचारेल, अळीला लिंबू आवडतं की कढीपत्ता? गुगल करू नका. अळी तासभर उपाशी ठेवा, ताटाच्या मध्ये सोडा, दोन बाजूंना सारख्याच आकाराची कोवळी पानं. पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळी पानांच्या बाजू बदला. बाजू का बदलायची? अळी उजेडाकडे जात असेल तर तुम्हाला ते पानाचं आकर्षण वाटेल. कढीपत्त्यावर वाढलेली अळी बहुधा कढीपत्त्याकडेच वळते, म्हणून लिंबावर वाढलेली अळीही तपासावी लागते. एका प्रश्नाचे आठ दिवस होतात ते असे.

—

हळदपेठ_सांगली:

वरच्या प्रतिसादात जीव आहे, मी रसायनाचं सांगतो. सांगलीत राहून हळदीचा प्रयोग मुलांना माहीत नसावा हे मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

एक चमचा हळद, अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिट. पाणी नको. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, नुसती भुकटी तरंगत राहते आणि कागदावर ठिपके पडतात. ढवळून दहा मिनिटं थांबा, वरचं स्वच्छ पिवळं पाणी दुसऱ्या वाटीत घ्या, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून, आणि मोठ्या माणसाच्या हातून.

पट्टीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका, लगेच तांबडी-तपकिरी. पानात खायच्या चुन्याची निवळीही तशीच. खायचा सोडा मात्र जेमतेम नारिंगी करतो. मुलं म्हणतात प्रयोग फसला. फसलेला नाही, तो अल्कलीच सौम्य आहे. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीला चुना लावून कुंकू करायची रीत याच गुणावर उभी आहे.

इथे एक खोड आहे आणि ती बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. हळद आम्ल ओळखत नाही. लिंबू आणि साधं पाणी, दोन्हींत पट्टी पिवळीच राहते. मुलं ‘बदल नाही म्हणजे आम्ल’ असं लिहून मोकळी होतात. तुमच्याकडे गोकर्ण आहे, तो इथे उपयोगी. निळी सात-आठ फुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. निळं पाणी लिंबाने जांभळं, जास्त लिंबाने गुलाबीकडे, सोड्याने हिरवट. दोन्ही दर्शक वापरून घरातले सात पदार्थ तपासा: ताक, चिंचेचं पाणी, शाम्पू, भांड्याचा साबण, तुरटी, नळाचं पाणी, बोअरचं पाणी. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच या यादीत अजिबात घेऊ नका. ती दोन एकत्र आली तर विषारी वायू सुटतो.

दुसरा प्रयोग हरिपूरच्या पेवांवरून. हळद साठवायची ती जमिनीखालची पेवं मुलांना एकदा दाखवा. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, कारण बंद जागेत प्राणवायू कमी झालेला असतो. हे घरी बघता येतं. घट्ट झाकणाच्या दीड लिटरच्या दोन बरण्या. एकीत मोड आलेली मटकी, दीडशे ग्रॅम. दुसरीत तेवढीच मटकी उकळून गार केलेली. रात्री बंद करा, सकाळी झाकण हळूच सरकवून तारेला बांधलेली वाढदिवसाची छोटी मेणबत्ती पेटवून आत सोडा. मोडाच्या बरणीत ती पटकन विझते, उकळलेल्या मटकीत जळत राहते. मोड श्वास घेतात, उकळलेले घेत नाहीत. फसण्याची कारणं तीन: झाकणाला गळती, मटकी कमी, किंवा बरणी चोवीस तास ठेवली आणि उकळलेली मटकी आंबून तिच्यातल्या जिवाणूंनीच प्राणवायू संपवला. बारा तास पुरे. पुढची पायरी म्हणून त्याच बरणीत चुन्याच्या निवळीची छोटी वाटी ठेवा. अर्धा चमचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. सकाळी निवळीवर पांढरी साय दिसेल.

—

जवारी, मिरज:

आवाज राहिला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याच मुलांना तार कुठे दाबली की कुठला स्वर का येतो हे हाताने माहीत नसतं. एक तारेचं वाद्य शंभर-दोनशे रुपयांत घरी होतं.

तीन फुटी फळी, चार इंच रुंद. टेबलावर अशी ठेवा की एक टोक टेबलाच्या कडेशी येईल. दुसऱ्या टोकाला स्क्रू. गळाला लावायची नायलॉनची दोरी, जाडी ०.४ मिलीमीटर, स्क्रूला बांधून फळीवरून कडेच्या खाली सोडा. दोरीखाली लाकडाच्या दोन घोड्या, म्हणजे दोरी उचलून धरणारे छोटे ठोकळे, बरोबर ६० सेंटिमीटर अंतरावर. लोंबत्या टोकाला पाच लिटरचा कॅन, त्यात पाणी भरून वजन बरोबर १ किलो करा. कॅन जमिनीपासून वीतभरच वर, खाली घडी घातलेली गोधडी. दोरी तुटली तर तोंडावर येऊ नये म्हणून उभं राहायचं बाजूला.

छेडा. हा सा. आता मधे तिसरी घोडी सरकवत जा. छेडायच्या बाजूची लांबी ५३.३ झाली की रे, ४८ ला ग, ४५ ला म, ४० ला प, ३६ ला ध, ३२ ला नी आणि ३० ला वरचा सा. सगळे शुद्ध स्वर. मुलाला आकडे आधी सांगू नका. कानाने प लागेल तिथे खूण करायला लावा, मग पट्टीने मोजू द्या. ४० च्या आसपास खूण येते आणि ६० ला ४० म्हणजे ३ ला २ हे त्याचं त्यालाच दिसतं. घरात पेटी असेल तर ग आणि ध किंचित वेगळे लागतील. पेटी समान अंतरांत लावलेली असते, तिचे ग-ध थोडे चढे असतात. कान तयार असलेलं मूल हा फरक पकडतं.

मग ताण. मधली घोडी काढा, वजन १ किलोवरून ४ किलो करा. स्वर बरोबर वरच्या सा ला जातो. दुप्पट वजनाने जात नाही, चौपट लागतं. मुलं आधी २ किलोच सांगतात, सांगू द्या आणि टांगून बघू द्या.

चुकतं कुठे? मधली घोडी इतरांपेक्षा उंच असली तर दोरी वर ताणली जाते आणि प्रत्येक स्वर चढा येतो. ती नुसती टेकेल एवढीच हवी. नायलॉन वजन लावल्यावर काही मिनिटं लांबत राहतं, दहा मिनिटं थांबून मगच मोजा. टेबलाची कड धारदार असेल तर घर्षणाने ताण कमी पोचतो. तिथे गोल पेन किंवा पाइपचा तुकडा चिकटवा. फळीखाली पत्र्याचा रिकामा डबा पालथा ठेवून आणि काढून आवाज ऐका. सतारीसाठी पंढरपूरकडचे भोपळे मिरजेत का येतात, ते त्या डब्यावरून कळेल.

—

गुरुजी_विटा:

सगळं उत्तम, एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. वर नोंदी, आलेख, चौकोन फार आले. चौथीतल्या मुलीला रोज तक्ता भरायला लावलात तर पंधरा दिवसांत अळी हा गृहपाठ होईल. तिच्यासाठी रोज फक्त तारीख, एक आकडा आणि एक चित्र. चित्र आठवणीने नको, समोर बघून. पाय किती आणि कुठे आहेत हे चित्र काढतानाच दिसतं: पुढे तीन जोड्या टोकदार, मधे जागा सोडून मागे बोथट. रंगवायची सक्ती नको, आणि ‘छान’ असा शेराही नको. ‘हा पाय इथे खरंच आहे का, पुन्हा बघ’ हा शेरा हवा.

होमी भाभाबद्दल. ती परीक्षा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. क्लास मुख्यतः लेखीचा सराव घेतात. त्यासाठी मागच्या प्रश्नपत्रिका घरी सोडवून भागतं. प्रात्यक्षिकात आणि प्रकल्पात जे लागतं, मोजणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, न जमलेलं तसंच लिहून ठेवणं, ते वरच्या बरणीतून येतं. मूल स्वतःहून बसायचं म्हणत असेल तर बसवा.

—

शाहूपुरी_सातारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी सर, वहीचं पटलं, मुलीसाठी तसंच करते. तीन शंका. कढीपत्त्याचं रोप लहान आहे. पानं संपली तर मंडईतली जुडी चालेल का? कोष चुकून खाली पडला तर? आणि मुलगा विचारतो, जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणतात, मग तेव्हा रात्री मृग नक्षत्र आकाशात का दिसत नाही? शिवाय पाऊस आणि गच्ची यांचा काही उपयोग?

—

पर्जन्यमापक, कोरेगाव:

शेवटच्या दोन शंका माझ्याकडे.

मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला, साधारण ७-८ जूनला. सूर्याच्याच दिशेला असल्यामुळे ते नक्षत्र त्याच्यासोबत उगवतं आणि त्याच्यासोबतच मावळतं, दिवसा उजेडात हरवतं. ऑगस्टमध्ये पहाटे पूर्वेला दिसायला लागतं, डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी उगवून रात्रभर असतं. हे वाचून कळत नाही. मधे दिवा, भोवती चार भिंतींवर चार नक्षत्रांची नावं, आणि मूल स्वतः पृथ्वी होऊन दिव्याभोवती फिरतं. दिव्याकडे पाठ केली की दिसेल ती भिंत रात्रीची. दोन मिनिटांत उलगडतं. हिवाळ्यात गच्चीवरून मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा, त्याच रेषेत आग्नेयेकडे गेलं की व्याध.

पाऊस. सातारा जिल्ह्याइतका पावसाचा धडा कुठे मिळणार? महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या. खांद्याच्या खाली जिथे भिंत सरळ होते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कड चिकटपट्टीने पक्की करा. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या. समजा १०.६ सेंटिमीटर आला. क्षेत्रफळ ०.७८५ × १०.६ × १०.६, म्हणजे ८८ चौरस सेंटिमीटर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे ८.८ मिलीलिटर पाणी. बाटलीवर पट्टी चिकटवून उंची वाचू नका. बाटलीचा तळ खळगे-खळग्यांचा असतो, पहिले काही मिलीमीटर हमखास चुकतात. पाणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ८८ ग्रॅम म्हणजे १० मिलीमीटर.

बाटली विटांच्या मधे घट्ट बसवा. कठडा तीन फुटांचा असेल तर त्यापासून किमान सहा फूट लांब, टाकी आणि पत्र्याच्या शेडपासूनही दूर. नाहीतर शिंतोडे आत येतात किंवा वाऱ्याचा पाऊस अडतो. वेळ रोज सकाळी साडेआठ, हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. कृषी विभाग मंडळनिहाय रोजचा पाऊस जाहीर करतो, त्याच्याशी ताडून बघा. आकडे जुळणार नाहीत. गच्चीवर वारा जास्त असल्याने तुमचा आकडा बहुधा कमी येईल, आणि वळवाचा पाऊस तर दोन किलोमीटरवर बदलतो. कमी का आला हे मुलाने शोधायचं.

पाऊस नसेल तेव्हा गच्चीवर ३० सेंटिमीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. रोज दुपारी १२:१० ते १२:५० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सर्वांत आखूड सावली ही उत्तर-दक्षिण रेषा. साताऱ्यात २२ डिसेंबरला ती सुमारे २६ सेंटिमीटर येते, १० मेच्या सुमारास साडेबाराला शून्य होते, सांगलीत तीनेक दिवस आधी. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. दक्षिणेला पडलेली सावली मुलांना कुणी दाखवत नाही, म्हणून मुद्दाम मेमध्ये दाखवा.

—

जांभा, सातारा:

दीड हजारातले तीनशेच्या आतले पैसे एका गोष्टीवर घाला: १०एक्सचं, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं, घडीचं भिंग, सोनार वापरतात तसलं. मोठं मुठीचं भिंग नको, ते जेमतेम दोन-तीन पट मोठं दाखवतं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि वस्तू जवळ आणायची, अडीच सेंटिमीटरपर्यंत. मुलं भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघतात आणि धूसर दिसतं म्हणून टाकून देतात. भिंगाने सूर्याकडे कधीच बघायचं नाही.

पहिली वस्तू: कंपाउंडच्या भिंतीवरचं वाळकं शेवाळ, नखाएवढं. भिंगाखाली धरून ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाका. मुरगळलेली पानं एकेक करून उलगडतात, मिनिटभरात तपकिरी गुंतवळ्याची हिरवी चांदणी होते. पुन्हा वाळवा, पुन्हा थेंब. मे महिन्यातलं मेलेलं वाटणारं शेवाळ जूनच्या पहिल्या सरीला हिरवं का होतं, ते इथे दिसतं.

तेच भिंग कासच्या फुलांच्या पठारावर न्या. हंगाम साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. प्रवेश मर्यादित असतो, आधी नोंदणी करा आणि शनिवार-रविवार टाळा. सगळी फुलं दाखवत पळवू नका, दोन बघा. दवबिंदूच्या पानावर लाल केस, प्रत्येक टोकाला चिकट थेंब, आणि बहुधा एखादं चिलट अडकलेलं. आणि सीतेची आसवं. त्यांचे किडे पकडायचे फुगे मातीत असतात, वर दिसत नाहीत. दोघांना किडे का लागतात, याचं उत्तर पायाखाली आहे: जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, आणि पावसाने त्यातलं नत्र धुऊन नेलेलं. वाटेवरूनच, गुडघ्यावर बसून. फूल तोडायचं नाही, गालिच्यावर पाय टाकायचा नाही.

—

पानोपानी, कराड:

ताई, मंडईतली जुडी नको. त्यावर फवारणी असू शकते, आणि काही कीटकनाशकं पानाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. अळी हिरवी ओकारी काढते, वळवळते, काही तासांत मरते. नर्सरीतून नवीन आणलेल्या रोपाचंही तेच, दोन-तीन महिने त्याची पानं वापरू नका. शेजारी कुणाच्या परसात न फवारलेला कढीपत्ता असेल तर त्याच्या डहाळ्या आणून, पाण्यात उभ्या करून, चार दिवस टिकतात. रोप फारच लहान असेल तर यंदा एकच अळी ठेवा, बाकीच्या झाडावर राहू द्या.

कोष पडला तर हाताने दाबू नका. पोस्टकार्डाइतक्या जाड, खरखरीत कागदाचा छोटा शंकू करा, कोष त्यात शेपटीची टोकदार बाजू खाली, डोकं वर असा अलगद बसवा. शंकू बरणीच्या भिंतीला वरच्या बाजूला चिकटवा आणि शेजारीच काठी टेकवा. बाहेर आल्यावर त्याला दोन मिनिटांत चढून लटकायला जागा मिळाली पाहिजे, नाहीतर पंख दुमडलेलेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. कापसावर आडवा ठेवलेल्या कोषाचं बहुधा असंच होतं. पंख पसरले की सकाळी दहा-अकराला, पाऊस थांबलेला असताना, बरणी गॅलरीत नेऊन कापड काढा आणि त्याला स्वतःहून निघू द्या.